डाव्या हाताचा विळा

विळा घ्यावा तर गुरुजींना सोबत नेऊन, असा आमच्या गावात माझा लौकिक होता. तो बराचसा मीच पसरवला होता, पण लोकांनीही चालवून घेतला होता. पोळा झाला, सोयाबीन पिवळं पडायला लागलं, की कुणी ना कुणी सकाळी दारात उभं राहायचं आणि मी चपला घालून बाजाराच्या मैदानाकडं निघायचो. तिथं चिंचेखाली दरवर्षी घिसाड्यांची पालं पडतात. पालासमोर पोत्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाडी मांडलेल्या असतात. मी उकिडवा बसायचो आणि एकेक विळा हातात घेऊन परीक्षा सुरू करायचो.

आधी पात्याला नखानं टिचकी मारायची आणि कान लावायचा. आवाज लांबला तर लोखंडाला पाणी नीट दिलेलं आहे, नुसतं 'थप्प' झालं तर पातं मऊ. मग वाक बघायचा. मुठीपासून टोकापर्यंत मनातल्या मनात दोरी ताणायची. दोरी आणि पात्याचं पोट यांच्यात चार बोटं आडवी मावली पाहिजेत. वाक कमी असला की सोयाबीनचं ताट विळ्यातून निसटतं, आणि सोयाबीन म्हणजे काही गवत नव्हे, वाळलं की त्याची ताटं काटक्यांसारखी टणक होतात. मग धारेवरचे दाते अंगठ्यानं चाचपायचे. शेवटी मूठ हलवून बघायची. सगळं झालं की मी 'हं' म्हणायचो. त्या 'हं'साठी लोक थांबलेले असायचे आणि मलाही तो म्हणायला फार आवडायचं.

पालावरची बाई मात्र दरवर्षी एक प्रश्न विचारायची. पूर्वी तिथं एक म्हातारा बसायचा. तो गेल्यावर त्याची मुलगी आणि जावई काम बघायला लागले. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि ती घण घालायची. पस्तिशीची, रुंद मनगटांची, कमी बोलणारी बाई. मी विळा निवडून तिच्यापुढं धरला की ती म्हणायची, "गुरुजी, कुण्या हाताला देऊ?"

मी म्हणायचो, "भाकरी खातो त्या हाताला."

जमलेले लोक हसायचे. ती हसायची की नाही ते मी कधी बघितलं नाही. मला वाटायचं, गिऱ्हाइकाशी बोलायची हिची एक लकब आहे. काही दुकानदार नाही का 'अजून काय देऊ' म्हणतात, तसंच हे.

माझी ओळख करून द्यायची तर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. नांदेडहून अर्धापूरकडं जाताना आमचं गाव लागतं. खालच्या अंगाला पाण्याची सोय आहे, तिथं केळीच्या बागा. वरच्या अंगाला आमच्यासारख्यांची सोयाबीन. निवृत्त झाल्यावर मी शेताकडं लक्ष द्यायला लागलो. लक्ष द्यायला म्हणजे बांधावर बसून दुसऱ्यांना चुका सांगायला. बत्तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. बायको म्हणायची, "वर्ग बदलला, मास्तर तेच." मला तो टोमणा कौतुकासारखा वाटायचा.

सून आमच्याकडं देगलूरच्या पलीकडून आली. तेलंगणाला लागून असलेलं गाव. घरात मराठी, पण दचकली की तोंडून 'अय्यो' यायचं, आणि माझ्या नातीला ती 'चिन्नी' म्हणायची. बीए झालेली होती, तरी लहानपणापासून आईबरोबर शेतात जात आलेली. नात रांगायला लागली तसं एक दिवस मला म्हणाली, "मामा, यंदा सोयाबीनला मी बी येते. बसून बसून अंग आंबलं." मुलगा नांदेडला नोकरीला, रोज मोटारसायकलवर ये-जा करणारा, त्यानं काही हरकत घेतली नाही. मला तर आनंदच झाला. मी म्हणालो, "ये की. तुझ्यासाठी मी स्वतः इळा निवडून आणतो."

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "माझा इळा हाय मामा माहेरी. भाऊ येणार हाय पुढच्या आठवड्यात, त्याला आणायला सांगू का?"

हे मला लागलं. गावाला विळे निवडून देणाऱ्याच्या घरात सुनेनं माहेराहून विळा आणायचा? मी म्हणालो, "आमच्या घरात इळ्याला तोटा हाय का? लोक काय म्हणतील?" तिनं विषय सोडला. पुढं मी अनेकदा स्वतःला विचारलं, की तेव्हा 'त्या विळ्यात असं काय आहे ग?' एवढं एक वाक्य मला का विचारता आलं नाही. उत्तर सोपं आहे. मला उत्तर नको होतं, मला बाजारात जाऊन 'हं' म्हणायचं होतं.

गेलो. त्या दिवशी मी तासभर बसलो. पोत्यावरचे सगळे विळे वाजवून बघितले आणि त्यातला उत्तमातला उत्तम काढला. खोल वाकाचा, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या लोखंडाचा, बारीक दात्यांचा. बाईनं विचारलं, "कुण्या हाताला?" मी म्हणालो, "सुनेच्या हाताला!" आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन घरी आलो.

सुनेनं हात पुढं केला तो डावा. मी विळा मागं घेतला. "लक्ष्मी हाय ती. उजव्या हातात घे." तिनं पदर सावरला, उजव्या हातात घेतला, कपाळाला लावला. "छान हाय मामा," म्हणाली.

आमच्याकडं कापणीला बाया ओळीनं लागतात. प्रत्येकीची एक पात, म्हणजे दोन-चार ओळींचा पट्टा, आणि सगळ्या एका रेषेत पुढं सरकतात. मागं राहिली तिची थट्टा होते. तो कामाचाच एक भाग आहे. पहिल्या दिवशी दहा वाजेपर्यंत सगळ्या बाया पुढं गेल्या आणि माझ्या सुनेची पात मागं राहिली, चांगली दोन खाटा मावतील इतकी. माझी साठीची बायकोही तिच्या पुढं होती. मी बांधावरून बघत होतो. सून विळा कधी या हातात घेत होती, कधी त्या हातात. डाव्या हातात घेतला की विळा ताटावरून घसरत होता, उजव्यात घेतला की तिचं मनगटच वळत नव्हतं. मी बांधावरून ओरडलो, "हात बदलू नको! उजव्यानंच काप, वळण लागंल!"

दुपारी भाकरी खाताना ती हळूच बायकोला म्हणाली, "आत्याबाई, ह्यो इळा मला बसंना." मी ऐकलं. मीच निवडलेला विळा! मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." बाया खदखदल्या. सूनही हसली. नंतर तिनं विळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खांडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुवून, पुसून, पाटावर मांडायची आणि त्यांची पूजा करायची, ही आमची रीत. त्या दिवशी लोखंडाला काम सांगायचं नाही. कापणीच्या चार बाया जेवायला बोलावल्या होत्या, मुलगाही घरी होता. कुऱ्हाड, खुरपी, विळे मी स्वतः मांडत होतो आणि सून हळद-कुंकवाचं ताट घेऊन शेजारी उभी होती. तिचा विळा हातात आला. बाकीच्यांचे दाते आठवड्याभराच्या कामानं बोथट झालेले, हिच्या विळ्याचे दाते बाजारातून आणल्यासारखे जिथल्या तिथं. मला बोलायला विषय मिळाला. मी तो विळा उंच धरला, वर्गात एखाद्या पोराची कोरी पाटी धरायचो तसा, आणि म्हणालो, "ह्याची पूजा कशाला करायची? ह्यानं काम कुठं केलंय? फुकटचं हळद-कुंकू!"

बाया हसल्या. मुलगाही हसला. सुनेच्या हातातलं ताट थोडं हललं आणि कुंकू सांडलं. ती खाली बसून ते बोटानं गोळा करत राहिली, बराच वेळ, जेवढं सांडलं होतं त्याहून जास्त वेळ. बाया गेल्यावर बायको मला म्हणाली, "पोरीचं तोंड बघितलं का?" मी म्हणालो, "चेष्टा समजत नाही का तिला?" खरं सांगतो, मी तोंड बघितलंच नव्हतं.

दसरा झाला, कापणी पुन्हा सुरू झाली आणि सून बदलली. तिनं विळा उजव्या हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. दात-ओठ खाऊन कापत होती. पात मागं राहिली की उठून पाणी प्यायचीही नाही. मी बांधावर बसून समाधानानं बघत होतो. लागलं वळण, म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती 'अय्यो' म्हणून खाली बसली. डाव्या हातानं धरलेल्या ताटांसकट तिनं स्वतःची करंगळी ओढली होती. मीच निवडलेले ते बारीक दाते हाडापर्यंत गेले होते.

नांदेडला नेलं. टाके पडले. बोट वळवणारी आतली दोरी तुटली होती, ती जोडली, पण करंगळी पुढं कधी वळली नाही. आजही तिनं मूठ केली की ते एक बोट ताठ बाहेर राहतं. परत येताना ती मलाच समजावत होती. "माझाच धांदरटपणा, मामा. तुमी मनाला लावून घेऊ नका."

मी मनाला लावून घेतलं नाही. मी दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारायचं ठरवलं. सकाळी रक्त पुसलेला तो विळा पिशवीत घातला आणि तडक पालावर गेलो. बाई ऐरणीजवळ बसून एका खुरप्यावर कानस फिरवत होती. मी विळा तिच्यापुढं टाकला. "कसला माल देतीस? सुनेचं बोट गेलं माझ्या!"

चार माणसं वळून बघायला लागली. तिनं कानस खाली ठेवली, विळा उचलला, उलटापालटा केला. मग विचारलं, "कुण्या हाताचं बोट?"

"डाव्या."

"डावरी हाय का ती?"

मी म्हणालो, "असेल. त्याचा काय संबंध?"

तिनं विळा माझ्या डोळ्यांपुढं धरला. "हे बघा गुरुजी. दाते एकाच अंगानं काढलेले असत्यात. उजव्या हातात धरला की दाते ताटाला चावत्यात. डाव्या हातात धरला की पालथा पडतो, नुस्ता घसरतो. हे बघा, ह्या अंगाला घासलेलं दिसतंय. आधी तिनं डाव्यानं कापून पाहिलंय. मंग उजवा धरला, आन बोट गेलं." तिनं विळा मांडीवर ठेवला. "डावऱ्या माणसाला उलट्या दात्याचा इळा लागतो. म्हणून तर मी दरसाल इचारते, कुण्या हाताला देऊ. डावा हात सोडून तिनं उजव्यानं कापायला घेतलंच कामून? कुणाच्या धाकानं?"

माहेरचा विळा म्हणजे काय, ते मला तिथं, त्या चिंचेखाली, कळलं. देगलूरच्या कुठल्या तरी लोहारानं माझ्या सुनेचा हात बघून तो घडवला असणार. मी तो घरात येऊ दिला नव्हता.

मग ती म्हणाली, "गुरुजी, तुमी मला वळखलं न्हाई ना?"

मी तिच्याकडं बघितलं. दहा वर्षं तिच्याकडून विळे घेत होतो, पण नीट बघितलं ते त्या दिवशी.

"तुमीच आल्ते पालावर, पाटी घेऊन. माझ्या बापाला म्हणले, लेकरू साळंत घाल. मी सात वर्साची आसंन. पंधरा दीस आले मी."

मला आठवलं. ते आठवणं अवघड नव्हतं, कारण ती गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो होतो. घिसाड्यांची मुलं शाळेत आणायला मी पालोपाल हिंडलो, ही माझी फुशारकी होती. पोरं टिकली नाहीत, हे सांगताना मी 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणायचो आणि शिक्षकांच्या खोलीतले सगळे माना डोलवायचे. दुसरीही एक फुशारकी होती माझी. माझ्या हाताखालून एकही डावरं लेकरू डावरं म्हणून तिसरीत गेलं नाही. आईबाप मुलं घेऊन यायचे, 'गुरुजी, ह्याचा हात सरळ करा' म्हणायचे. मी करायचो. पट्टीनं बोटांच्या पेरांवर मारायचं. तरी ऐकलं नाही तर डावा हात पाठीमागं घेऊन रुमालानं कमरेला बांधायचा. त्यात मला वावगं काही वाटायचं नाही. माझ्या गुरुजींनीही असंच केलं होतं.

"तुमी माझा हात बांधला," ती सांगत होती. आवाजात राग नव्हता. शेतातली हकिकत सांगावी तसं सांगत होती. "पांढरा रुमाल हुता. सकाळधरनं बांधला. मला लघवीला जायचं हुतं. तुमी म्हणले, जा. गेले. पन परकराची गाठ एका हातानं सुटंना. परत वर्गात आले, तर बसल्या जागीच झालं."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मला ओली सतरंजी आठवली. वर्ग हसला होता. मी तिचा हात सोडला होता आणि म्हणालो होतो, "घरी जा. उद्या स्वच्छ होऊन ये." उद्या ती आली नव्हती. आणि ही गोष्टसुद्धा मी सांगायचो! शिक्षकांच्या खोलीत, गमतीची म्हणून. शाळेत येऊन पहिल्याच पंधरवड्यात सतरंजी भिजवून गेलेली पोरगी. गाठीचं मला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

त्या वेळी तिच्यापुढं मला जी लाज वाटली, तिला तुलना नाही. अंगावरचे कपडे नकोसे झाले. मागं चार माणसं उभी होती, त्यातला एक माझाच विद्यार्थी, आता दाढी पिकलेला. तोंडात शब्द आले होते, 'चुकलं माझं' एवढेच तर होते. मी म्हणालो, "डाव्या हाताचा विळा करून द्याल का?"

मी तिला 'अहो-जाहो' केलं, एवढीच काय ती माफी.

ती म्हणाली, "देते की. पन नवरा गावाला गेलाय. भट्टीचा पंखा फिरवायला मानूस न्हाई. तुमी फिरवता का?"

मी फिरवला. हातानं फिरवायचा लोखंडी पंखा असतो, त्याच्या वाऱ्यानं कोळसा फुलतो. तिनं ट्रकच्या पाट्याचा तुकडा निखाऱ्यात खुपसला आणि मी धोतर सावरून दांडा फिरवायला बसलो. बाजार आपला चालू होता. ओळखीचे लोक थांबत होते, "काय गुरुजी, नवी नोकरी का?" म्हणत होते. पाचेक मिनिटांत माझा उजवा खांदा भरून आला. ती म्हणाली, "हात बदला."

मी डावा हात लावला. तो हात जणू माझा नव्हताच. दांडा कधी पुढं, कधी अडकून मागं. वारा धड लागेना, निखारा काळा पडायला लागला. "नीट फिरवा गुरुजी, लोखंड थंड व्हायलंय," ती म्हणाली. मी नीट फिरवायचा प्रयत्न केला आणि दांडा गुडघ्यावर आपटून घेतला. तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली. "डाव्या हातानं जमत न्हाई व्हय? ऱ्हाऊ द्या. व्हईल हळूहळू. तुमाला कुनी मारायलंय का?"

मग तिनं घण उचलला. डाव्या हातात. दहा वर्षं मी समोर बसून विळे वाजवत होतो आणि ही बाई डाव्या हातानं घण घालते हे मी पाहिलं नव्हतं. ती एका हातात सांडशी, एका हातात घण घेऊन पातं वळवत गेली, ऐरणीच्या शिंगावर त्याला खोल वाक दिला, छन्नीनं एकेक दाता काढला, उलट्या अंगानं. पाणी दिल्यावर विळा माझ्यापुढं धरला. "वाजवून बघा."

मी वाजवला नाही. पिशवीत घातला आणि घरी आलो.

सुनेची जखम भरून यायला दिवाळी उलटली. विळा मी तिच्या हातात दिला नाही. अवजारांच्या कोनाड्यात ठेवून दिला. तिनं तो पुढच्या पोळ्याला बघितला. दाते चाचपले, डाव्या हातात धरून हवेत फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे तोंडापुढं धरून बसलो होतो. त्या वर्षी तिची पात सगळ्यांच्या पुढं गेली. ताठ करंगळी घेऊनही गेली. बाया म्हणाल्या, "अगं थांब जरा, आमची लाज घालवतीस." ती पुन्हा हसली, ते हसणं वेगळं होतं, आता मला फरक कळत होता.

आणि मी काय केलं? सांगायलाही लाज वाटते. मी पुन्हा बाजारात बसायला लागलो. विळा निवडून दिला की गंभीर चेहऱ्यानं म्हणायचो, "आधी हात विचारावा. उजवा का डावा. लोकांना हे कळत नाही." लोक म्हणायचे, "गुरुजींचं बारीक लक्ष असतं बुवा." घिसाडीण ते ऐकत कानस फिरवत राहायची. सुनेची माफी मागितली नाही. घिसाडणीचीही नाही. मला वाटत होतं, विळा करून आणला, म्हणजे झालं.

यंदाची गोष्ट. नात आता साडेतीन वर्षांची आहे. दसऱ्याला पाटीपूजन असतं म्हणून मी नांदेडहून तिला पाटी आणली. हल्ली पाट्या कुणी घेत नाही, पण मला हौस. सरस्वती मी स्वतः काढून दिली. दोन दिवसांनी दुपारी शेतातून लवकर परतलो. दार उघडंच होतं. सून तांदूळ निवडत बसली होती आणि नात पाटीवर ओणवी होऊन मान वाकडी करून काहीतरी गिरवत होती. पेन्सिल डाव्या हातात होती.

उंबऱ्याशी माझी चप्पल वाजली. सुनेनं मान वर केली, मला बघितलं, आणि पटकन, अगदी सवयीच्या हातानं, लेकीची पेन्सिल काढून तिच्या उजव्या हातात दिली. "चिन्नी, आजोबा आले," एवढंच म्हणाली, हळू. नातीनं माझ्याकडं बघितलं. मग आपला डावा हात कुणी न सांगता पाठीमागं नेला आणि तिथंच धरून ठेवला.

तो इवलासा हात पाठीमागं गेलेला बघून मी उंबऱ्यातच थांबलो. पांढरा रुमाल तेवढा नव्हता. या घरात मी कधी पोरीच्या हाताला हात लावला नव्हता, कधी पट्टी उचलली नव्हती. गरजच पडली नव्हती. माझ्यापासून वाचवायला तिच्या आईनं लेकीला हात लपवायचं आधीच शिकवून ठेवलं होतं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

"लिहू दे तिला," मी म्हणालो. "ज्या हातानं येतं त्या हातानं लिहू दे. माझं चुकलं. तुझंही बोट माझ्यामुळं गेलं. माझंच चुकलं सगळं."

सून तांदळात हात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "असं कामून म्हणता मामा," म्हणाली, पण ते नुसतं म्हणायचं म्हणून. नातीनं माझ्याकडं नाही, आईकडं बघितलं. आईनं मान हलवली, लिही म्हणून. तरी पोरीचा हात पाठीमागून पुढं येईना. मी तिथं उभा होतो तोवर तो येणार नव्हता.

मी बाहेर आलो आणि ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलो. बऱ्याच वेळानं आतून पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज यायला लागला. कोणत्या हातानं ते मी वळून बघितलं नाही.